गरम भाकरी कुणाच्या ताटात?

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, म्हणजे ज्वारीचं कोठार. सासर खेडजवळच्या एका गावातलं, जिथे ज्वारी हे कोंबड्यांचं खाद्य आहे अशी सगळ्यांची ठाम समजूत. मध्ये कुंभार्ली घाट. निकाहाच्या वेळी मेहेरची बोलणी झाली, मानपानाची झाली, पाहुण्यांची यादीसुद्धा तीनदा झाली. पण तुमच्याकडे भाकरी कसली करतात, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. ते मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगो, आज भाकऱ्या तू कर." मी मनातून खूश. बाराव्या वर्षापासून माहेरी भाकऱ्या थापत होते. शेतावर माणसं असली की एका बैठकीत वीस-पंचवीस भाकऱ्या व्हायच्या. इथे तर जेमतेम बारा करायच्या होत्या. डब्यातलं पीठ तांदळाचं आहे हे दिसत होतं, पण पीठ ते पीठ, असा माझा हिशेब. परातीत घेतलं, मधे खळगा केला, पाणी ओतलं, बिस्मिल्लाह म्हटलं आणि मळायला लागले.

पीठ काही केल्या एक होईना. पाणी वाढवलं तर चिखल, कमी केलं तर वाळू. थापायला घेतली तर कडा फाटल्या. उचलली तर अर्धी हातात, अर्धी परातीत. तव्यावर पोचेपर्यंत एका भाकरीचे पाच तुकडे. दुसरीचे सात. बाहेर दस्तरखान अंथरलेलं, सगळे बसलेले, सासऱ्यांचं खाकरणं ऐकू येतंय. शेवटी मी सगळे तुकडे एका पातेल्यात भरले, वरून कोलंबीचं कालवण ओतलं, चेहरा गंभीर ठेवला आणि बाहेर नेऊन सांगितलं, "आमच्याकडे नव्या सुनेने पहिल्यांदा केलेली भाकरी अशीच कुस्करून खातात."

सगळे गप्प. अब्बांनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगली पद्धत आहे. दातांचे कष्ट वाचले." नणंद तोंडात ओढणी कोंबून आत पळाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की रश्श्यात रोटी कुस्करून केलेल्या पदार्थाला अरबीत 'सरीद' म्हणतात. सहीह बुखारीतल्या एका हदीसमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांची थोरवी सांगताना याच सरीदची उपमा दिलेली आहे. मी ते मोठ्या तोऱ्यात अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तू त्या दिवशी खोटं बोललीस ते बोललीसच. पदार्थ मात्र खानदानी निघाला."

पाणी थंड की उकळतं?

माझी चूक काय होती, हे सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी न हसता शिकवलं. त्यांचं हे मोठेपण मी कधी विसरले नाही.

गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो. मळली की ती ताणली जाते, लाटता येते. ज्वारीत आणि तांदळात तो चिकटपणा नसतो. मग त्यांना एकत्र बांधणार कोण? गरम पाणी. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं असेल तर साध्या पाण्यावरही भागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि मग आधणाचं पाणी घ्यावंच लागतं. तांदळाच्या भाकरीला मात्र उकडीशिवाय गत्यंतर नाही.

उकड अशी काढायची. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, वर दोन चमचे. पाण्यात मीठ घालून खळखळून उकळू द्यायचं. गॅस बारीक करायचा, पीठ एकदम घालायचं, कालथ्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं. दोन मिनिटांनी गॅस बंद, आणि झाकण तसंच पाच मिनिटं. मग परातीत काढून गरम असतानाच मळायचं. हाताला चटका बसतो, म्हणून आधी वाटीच्या बुडाने रगडायचं आणि नंतर थंड पाण्याचा हात लावत मळायचं. लोण्यासारखा गोळा झाला की थापताना कडा फाटत नाहीत. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायला आलं की उलटायची, खालची बाजू शेकली की थेट आचेवर धरायची. ती टम्म फुगली की समजायचं, पास.

मी पास व्हायला दीड महिना लागला. तोवर घरातल्यांनी इतका सरीद खाल्ला की धाकटा दीर विचारू लागला, "वहिनी, तुमच्याकडची ही पहिल्या दिवसाची पद्धत संपते कधी?"

अम्मींची चोरटी ज्वारी

लग्नानंतरच्या पहिल्या बकरी ईदला माझ्या वडिलांनी एसटीने मालदांडी ज्वारीचं पोतं पाठवलं. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला तिचा अभिमान वाटायला सरकारी शिक्क्याची गरज कधी पडली नव्हती. सासूबाईंनी पोतं पाहिलं आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट दाखवून विचारलं, "इतकं?"

मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. सगळ्यांनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि पटकन भात मागितला. मी पुढे चार दिवस माहेरी गेले. परत आले तेव्हा पिठाचा डबा निम्मा झालेला. नणंदेने गुपित फोडलं. अम्मी रोज दुपारी सगळे झोपले की एकट्या बसून ज्वारीची भाकरी थापायचा सराव करत होत्या. सून जे करते ते आपल्याला येत नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांची पहिली भाकरी म्हणे इतकी जाड झाली की अब्बांनी ती दोन्ही हातांनी मोडली आणि विचारलं, "घाटावरची माणसं जबडा वेगळा घेऊन जन्मतात का?"

पण अम्मी शिकल्या. मीही घावन शिकले. तांदळाचं पातळ पीठ, बिडाचा तवा, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, पीठ बाहेरून आत गोल ओतायचं आणि झाकण ठेवायचं. पहिलं घावन तव्याचं, दुसरं शिकणाऱ्याचं, माणसांचं तिसऱ्यापासून. ज्वारी आणि तांदूळ एका फळीवर शेजारी शेजारी राहू लागले. आमच्या दोघींचंही तसंच झालं.

गोधडीतला पाहुणा

२०२० चा रमजान सगळ्यांना आठवत असेल. लॉकडाऊन होता, मस्जिदी बंद होत्या, तरावीह घरातच पढत होतो. आमच्या गावात सायकलवर येणारा पाववाला येईनासा झाला. अब्बांना सहरीला चहात बुडवून पाव लागतोच. तीन दिवस त्यांनी भाकरी बुडवून पाहिली. चौथ्या दिवशी म्हणाले, "ही बुडते, पण वर येत नाही."

मग मी पाव करायचं ठरवलं. भाच्याने कुठून तरी यीस्टचं पाकीट आणून दिलं. मोबाइलवरच्या बाईंनी सांगितलं होतं की मळलेलं पीठ उबदार जागी झाकून ठेवा. त्या बाई बहुधा थंड मुलखातल्या असाव्यात. आमच्या कोकणात एप्रिलमध्ये माणूससुद्धा न झाकता फुगतो. पण मी आज्ञाधारक. पातेल्यात पीठ ठेवून ते घडवंचीवरच्या गोधड्यांमध्ये गुंडाळलं आणि झोपले.

रात्री अडीचला अब्बा तहज्जुदसाठी उठले. नमाज झाल्यावर तस्बीह घेऊन नेहमीसारखे गोधड्यांना टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली, फार हळू आवाजात. "सूनबाई, गोधडी श्वास घेते आहे." मी धावत गेले. पीठ झाकण ढकलून बाहेर आलं होतं आणि गोधडीच्या घडीतून अब्बांच्या पाठीपर्यंत पोचलं होतं. सदऱ्याला चिकटलेलं पीठ ओढून काढताना अब्बा म्हणाले, "पाहुणं कुणीही असो, बाहेर बोलू नका. चौदा दिवस कोंडून ठेवतील."

पातेल्यात उरलेल्या पिठाचे मी तव्यावर जाडसर नान भाजले. सहरीला ते खिम्याबरोबर इतके छान लागले की पावाची आठवण कुणी काढली नाही. गोधडी मात्र तीन पाण्यांत धुवावी लागली.

नंतर पाव जमले. अर्धा किलो पीठ, त्यात निम्मा मैदा आणि निम्मी कणीक. इन्स्टंट यीस्ट दोन चहाचे चमचे, साखर दोन चमचे, मीठ दीड चमचा, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसं कोमट दूध-पाणी, साधारण ३०० मिली. दहा-बारा मिनिटं चांगलं मळायचं. पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाऊण तास पुरतो, थंडीत दीड तासही लागतो. गोळे करून तेल लावलेल्या डब्यात लावायचे, पुन्हा अर्धा तास फुगू द्यायचे. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण घालून ती दहा मिनिटं तापवायची आणि डबा आत ठेवून मध्यम आचेवर अर्धा तास भाजायचे. पीठ गोधडीत ठेवू नये.

कणीक घातल्यामुळे पाव बेकरीच्या पावासारखा पांढरा होत नाही, अशी मुलाने तक्रार केली. तेव्हा अब्बांनी त्याला हजरत सहल बिन सअद (रजि.) यांची बुखारीतली आठवण सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात त्यांच्याकडे पीठ चाळायला चाळण नव्हती. जव दळायचे, फुंकर मारून उडेल तेवढा कोंडा उडवायचे आणि बाकीचं तसंच मळायचे. मुलाने निमूटपणे दुसरा पाव घेतला.

"गरम भाकरी अशी लागते होय?"

आता थोडं वेगळं सांगायचं आहे. खरं तर हे सांगण्यासाठीच लिहायला बसले.

२०२२ च्या पावसाळ्यात अम्मींना पक्षाघाताचा झटका आला. अल्लाहची कृपा, जीव वाचला. बोलणंही काही आठवड्यांत सुधारलं. पण उजवा हात थापायचा राहिला नाही. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आणि त्या तिथे बसून माझ्या भाकऱ्यांची तपासणी करू लागल्या. "कडा जाड. पाणी कमी. उलट आता, उलट!"

एका दुपारी त्यांच्या औषधाची वेळ झाली होती आणि पोटात काही नव्हतं. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली. एरवी ती सरळ बाहेर, पुरुषांच्या ताटात जाते. त्या दिवशी मी ती मोडली, वाफेचा लोट निघाला, वर थोडं लोणी सोडलं आणि अम्मींच्या डाव्या हातात दिली. त्यांनी घास घेतला. चावता चावता थांबल्या.

"अगो, गरम भाकरी अशी लागते होय?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्या सतराव्या वर्षी या घरात आल्या. पन्नासएक वर्षं भाकऱ्या केल्या. आठ-दहा माणसांचं घर. फुगलेली भाकरी आधी सासऱ्यांना, मग दिरांना, नवऱ्याला, मुलांना. त्यांच्या वाट्याला परातीतली शेवटची, बहुतेक वेळा उरल्यासुरल्या पिठाची, आणि तीसुद्धा सगळ्यांचं वाढून झाल्यावर. तोवर तवाही थंड झालेला असायचा. कुणी त्यांच्यावर जुलूम केला असं नाही. अब्बा तर स्वभावाने गरीब. कुणाला सुचलंच नाही, इतकंच.

मग मी माझा हिशेब केला. बावीस वर्षं. एका भाकरीला तीन मिनिटं धरली तर बारा भाकऱ्यांना, उकडीसकट, पाऊण तास. दोन वेळचा दीड तास. तेवढ्यात बाहेरचे जेवून हातही धुतात. माझ्या आईने तरी कधी गरम खाल्ली असेल का? फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काय बाई प्रश्न! भाकरी करणारी गरम कशी खाईल?"

रात्री दस्तरखानावर मी हे सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "मग तू आधी सांगायचंस की." मला राग आला. "बावीस वर्षांत तुम्ही विचारलंत का?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अब्बा म्हणाले, "हजरत आयेशांना (रजि.) कुणी विचारलं होतं, प्रेषित (स.) घरी असताना काय करत. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. हे आम्ही मस्जिदीत किती वेळा ऐकलं. ऐकून घरी आलो आणि म्हणालो, भाकरी आणा."

दादीची शाळा

पुढच्या रविवारी माझा एकोणीस वर्षांचा मुलगा तव्यापुढे उभा राहिला. दादी खुर्चीत. त्याचं सगळं शास्त्रशुद्ध. पाणी मापाने, मोबाइलवर वेळ लावलेली, आणि भाकरी गोल दिसावी म्हणून स्टीलचं झाकण दाबून कडा कापलेल्या. दादी भडकल्या. "भाकरी करतोस की बिस्किट?" त्याने कापलेल्या कडांची आणखी एक छोटी भाकरी केली. ती फुगली. मोठी फुगली नाही. त्यावरून दोघांची अर्धा तास चर्चा चालली.

नवऱ्याने घावनांची जबाबदारी घेतली. पहिली तीन घावनं तव्याला चिकटली. आम्ही आत जाईपर्यंत त्याने पुरावा खाऊन टाकला होता.

आमच्या घरात आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. तुमच्याकडे जमतं का पाहा.

पहिली, पहिल्या फुगलेल्या भाकरीतला अर्धा भाग तव्याजवळच्या माणसाचा. मीठ-लोणी लावून, उभ्या उभ्या खायचा. तो कुणी मागायचा नाही.

दुसरी, एकेक गरम भाकरी बाहेर पोचवायची सवय बंद. सगळ्या भाकऱ्या आधी होतात, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात राहतात आणि मग सगळे एकदम बसतात, भाकरी करणारीसुद्धा. फडक्यात भाकरी अर्धा तास मऊ आणि कोमट राहते. वाफेने ओली होऊ नये म्हणून झाकण थोडं उघडं ठेवायचं.

तिसरी, रविवारचा तवा पुरुषांचा. रमजानमध्ये सहरीची दगदग नको म्हणून मी आधीच सोलापुरी कडक भाकऱ्या करून ठेवते. ज्वारीची भाकरी अगदी पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची आणि मंद आचेवर वाळवून कुरकुरीत करायची. पाणी पूर्ण सुकलं असेल तर हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते. दह्यात किंवा दुधात मोडून खाल्ली की पोटाला आधार होतो. अब्बांना आता दात कमी आहेत, ते ती रश्श्यात कुस्करतात. कुस्करताना माझ्याकडे बघून म्हणतात, "पहिल्या दिवसाची पद्धत."

मुलगा गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेला. चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. परवा त्याचा फोन आला. "मम्मी, आज खोलीवर भाकऱ्या केल्या. सगळे बसले आणि म्हणाले, गरम गरम आण."

"मग?"

"पहिली मी खाल्ली. आणि त्यांना सांगितलं, दुसरी तुमच्यापैकी कुणीतरी थापा."

मी हे अम्मींना सांगितलं. त्या खुर्चीत जरा सावरून बसल्या, डाव्या हाताने ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "ते सगळं ठीक. कडा फाटली का, ते विचार."